एकशे वीसच्या वर

होसूर रोडच्या सिग्नलला कंपनीची बस उभी होती आणि अभिराज खिडकीच्या काचेला डोकं टेकून अर्धवट झोपेत होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. सकाळचे सहा बावन्न. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळीचं कुणी असेल, एखादा पंप टेस्टिंगला अडला असेल, असं मनाशी म्हणत त्यानं फोन बाहेर काढला. पडद्यावर एकच ओळ होती. अप्पा, १४८. त्यानं ती दोनदा वाचली. अप्पा म्हणजे त्याचे वडील, भीमाचार्य, वय सदुसष्ट. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसवला होता, आणि त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधून ते आपल्या फोनशी जोडायचं काम अभिराजनं कालच केलं होतं. ठोके मिनिटाला एकशे वीसच्या वर गेले की फोननं सांगायचं. व्यायाम शिकवणारी फिजिओ, हर्षिता, म्हणाली होती की एवढी गरज नाही, काका नियम पाळतात, पण तुम्हाला बरं वाटत असेल तर बांधा. त्याला बरं वाटत होतं. आकडा समोर असला की त्याला नेहमीच बरं वाटायचं. आता तोच आकडा त्याच्या तळहातावर होता आणि तळहात ओला झाला होता. त्यानं फोन लावला. दुसऱ्या रिंगला अप्पांनी उचलला. “हं, बोल अभी.” मग ते सावकाश सांगत गेले, की मी इथे ब्यूगल रॉकच्या बागेत फिरतोय, हवा छान आहे, गॅसवाला नऊला येणार आहे तेव्हा सूनबाईला म्हणावं ऑफिसला जाताना किल्ली शेजारच्या अक्कांकडे ठेव, आणि तू येताना गांधीबाजारातून विड्याची पानं आण, स्वल्प कोवळी बघून आण, परवाची राठ होती. एवढं मोठं वाक्य, जिथे थांबायला हवं तिथेच थांबलेलं, आणि त्यात श्वास कुठे म्हणून ऐकू आला नाही. अभिराजनं फोन कानापासून दूर करून पाहिलं. आकडा आता १५० होता.

बस हलली. त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच, की घड्याळ बिघडलंय. नवीन वस्तू, पट्टा सैल राहिला असेल. आवाज तर खणखणीत होता. आणि हे वाटलं त्याच क्षणी त्याला कारखान्यातला शिवकुमार आठवला. जुना फिटर, लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक बेअरिंगवर ठेवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, आवाज चांगला आहे सार, जाऊ द्या. चार वर्षांपूर्वी एका पंपाचा आवाज असाच चांगला होता. कंपन मोजायच्या मीटरचा काटा वाईट सांगत होता आणि आवाज चांगला होता, आणि अभिराजनं आवाजावर भरवसा ठेवला होता. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जळून काळं झालं. त्यानंतर त्यानं कधी कानाचं ऐकलं नाही. पण अप्पांच्या आवाजाशी त्याचं वाकडं त्याच्याही आधीपासूनचं होतं. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी, अशाच बसमध्ये, हाच आवाज आला होता. “अभी, तुझी आई गेली. गाडी घेऊन येणार असशील तर सावकाश चालव.” तीच पट्टी, तीच लय, शब्दांमध्ये तेवढंच अंतर. जणू पानं आणायला सांगताहेत. अभिराजला आजही लाज वाटायची की तेव्हा त्याला आईच्या जाण्यापेक्षा त्या आवाजाचा जास्त धक्का बसला होता. आई, अंबुबाई, तीस वर्षं कीर्तनात या माणसाच्या मागे डाव्या हाताला तंबोरा घेऊन बसली, आणि ती गेल्याची बातमी त्यानं एका श्वासात, न अडखळता, सांगून टाकली होती.

पुढच्या थांब्यावर तो उतरला. सुपरवायझरला कळवलं, रस्ता ओलांडला, रिक्षा धरली. बसवनगुडी म्हणताच रिक्षावाला सरी सार म्हणाला आणि निघाला. सगळी गर्दी उलट्या बाजूनं शहराबाहेर चालली होती, ही बाजू मोकळी होती, तरी त्याला प्रत्येक सिग्नल जिवावर येत होता. फोन हातात. १४६. १४९. माणूस निवांत फिरतोय म्हणतो आणि त्याचं हृदय असं धावतंय, म्हणजे दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. अप्पा खोटं बोलत नाहीत. हे त्याला पक्कं माहीत होतं, त्याबद्दल त्याची कधीच तक्रार नव्हती. तक्रार वेगळी होती. आईचे दिवसवार झाले आणि चौदाव्या दिवशी चिकपेटच्या कापडव्यापाऱ्यांकडे आधीच ठरलेलं कीर्तन होतं. लोक म्हणाले, आचार्य, राहू द्या, पुढे बघू. अप्पा म्हणाले, शब्द दिलाय. आणि गेले. अभिराज शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसला होता. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. दोन तास अप्पांनी आख्यान लावलं, नेहमीच्या जागी लोकांना हसवलं, नेहमीच्या जागी रडवलं, स्वतः मात्र कोरडेठाक. आवाजात तसूभर फरक नाही. तिथे खांबाला टेकून अभिराजनं ठरवून टाकलं की या माणसाला काळीज नाही, नुसता गळा आहे. त्यानंतर नऊ वर्षं एका घरात राहून त्यानं त्यांचं एकही कीर्तन ऐकलं नाही. अप्पांनीही कधी ये म्हटलं नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात डॉक्टर पडद्यावर त्याच हृदयाच्या नळ्या दाखवत होते तेव्हा अभिराज मूर्खासारखा बघत राहिला होता, आहे की, म्हणत.

ब्यूगल रॉकच्या मागच्या बाजूला, जिथे खडकात पायऱ्या आहेत, तिथे अप्पा सापडले. फिरत नव्हते. पायऱ्या चढत होते. धोतर वर खोचलेलं, अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला, वरपर्यंत जायचं, वळायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि तोंडानं आख्यान चालू. लय पायांच्या बरोबर. चेहरा लाल झालेला, कपाळावरची अक्षता आणि अंगारा घामानं खाली नाकावर ओघळलेला, आणि शब्द मात्र एकेक धुतल्यासारखा स्वच्छ. अभिराज खाली उभा राहून बघत होता. रागानं आलेला माणूस, पण राग कुठल्या कुठे गेला, कारण असलं काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. एकशे पन्नास ठोक्यांवर माणूस तोंडातल्या तोंडात हं म्हणू शकत नाही. तो स्वतः दोन मजले चढला की फोनवर बोलायचा थांबतो. त्यानं अप्पांना हात धरून खाली बसवलं, घड्याळ दाखवलं. अप्पांना आश्चर्य वाटलं. लबाडी उघडी पडली म्हणून नव्हे, खरंच आश्चर्य. “हर्षिताम्मांनी सांगितलंय, बोलता येईल तितक्याच जोरानं चाला. मी बोलत होतो ना रे.” तीन आठवडे ते रोज असे बोलत होते.

मग तिथेच खडकावर, घाम वाळेपर्यंत, त्यांनी ते सांगितलं. अभिराजनं ते लहानपणी अर्धवट ऐकलं होतं पण ती गोष्ट म्हणून ऐकली होती. अप्पांच्या वडिलांनी त्यांना याच पायऱ्यांवर तयार केलं. वय वर्षं नऊ. वडील वर बसायचे डोळे मिटून, आणि पोरानं पद म्हणत खालून वर यायचं. श्वास ऐकू आला की बोट वर व्हायचं, म्हणजे परत पहिली पायरी. वडील म्हणायचे, श्रोता त्याच्या कटकटी घेऊन येतो, तुझा दम ऐकायला येत नाही, तुझा दम तुझ्यापाशी ठेव. दोन वर्षांनी बोट वर व्हायचं थांबलं. अप्पांनी हे सांगताना अभिमानही दाखवला नाही की दुःखही. कितव्या पायरीवर श्वास कसा चोरायचा, शब्दाच्या शेवटच्या अक्षराखाली तो कसा सरकवायचा, हे मात्र खुलून सांगितलं. अभिराज ऐकत होता आणि त्याला एकदम वाटून गेलं की श्वास जिथे शिकून शिकून लपवला, तिथे आणखी काय काय त्याच्याखाली सरकवलं गेलं असेल. पण हा विचार त्यानं पुढे जाऊ दिला नाही. गॅसवाला यायची वेळ झाली होती.

हर्षिताचं क्लिनिक गांधीबाजाराच्या मागे, उभ्यानं खायच्या एका दर्शिनीच्या वरच्या मजल्यावर. डोशाचा वास जिन्यातून वर यायचा आणि सगळे हृदयाचे पेशंट त्या वासात ट्रेडमिलवर चालायचे. ती नागपूरची, तीस-बत्तीसची, इथे येऊन तीन वर्षं झालेली. अप्पांची कानडी मिसळलेली मराठी आणि तिची इंग्रजी मिसळलेली मराठी एकमेकींना अडखळत समजून घ्यायच्या, आणि दोघांना त्याची गंमत वाटायची. तिनं अप्पांच्या छातीला पट्टा बांधला, ट्रेडमिल सावकाश सुरू केली आणि म्हणाली, काका, बोलत राहा. अप्पा तुंगभद्रेबद्दल बोलू लागले. तिनं वेग वाढवला. एकशे बारा. मग चढ दिला. एकशे चोवीस. अप्पा पुरात वाहून आलेल्या झाडांचं वर्णन करत होते. एकशे एकतीसला तिनं यंत्र बंद केलं आणि ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. अभिराजला ती नजर ओळखीची वाटली, त्याचीही पायऱ्यांशी तशीच झाली होती. “काका, मी सगळ्यांना एकच सांगते. बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं पाहिजे, म्हणजे वेग बरोबर. आतापर्यंत कुणावर फेल नाही गेलं हे. तुमचा श्वास ऑनेस्टली पेशंटचा नाहीच आहे.” मग तिनं चूक स्वतःकडे घेतली. कीर्तनकार म्हटल्यावर तिनं बसून पोथी वाचणारे समजलं होतं. तिनं मऊपणानं पण स्पष्ट सांगितलं, की तुमच्या गोळ्यांनी हृदयाला लगाम घातलेला असताना एकशे पन्नास म्हणजे लगाम तोडून धावणं आहे, नशीब म्हणून काही झालं नाही. आजपासून आपण तुमच्या गळ्याला विचारायचं नाही. आकड्याला विचारायचं. शहाण्णव ते एकशे चौदा, यात राहायचं. एकशे वीसला थांबायचं.

आणि तिनं आणखी एक करायला सांगितलं, जे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. श्वास मोठ्यानं सोडा, म्हणाली. तोंड उघडून, हा असा, आवाज करून. अप्पांनी दाराकडे बघितलं, अभिराजकडे बघितलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला चारचौघांत कपडे काढायला सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. अभिराज उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. खालून चटणीचा वास येत होता.  आतून हर्षिता काहीतरी समजावताना ऐकू येत होती, मग ती थांबली. आणि मग पेटीचा भाता सोडल्यावर येतो तसा एक बारीक, चोरटा आवाज आला. एकदाच. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून अभिराज उभा होता आणि एका म्हाताऱ्यानं श्वास सोडला एवढंच तर झालंय, असं तो स्वतःला बजावत होता.

रामनवमीच्या उत्सवाला सात आठवडे होते. मठात नवमीच्या संध्याकाळचं कीर्तन अप्पांच्या घराण्याकडे चार पिढ्या चालत आलेलं, आणि ते मी करणार, असं अप्पांनी दवाखान्याच्या खाटेवरच सांगून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, हर्षिता सांगेल ते. हर्षिता म्हणाली, आकडा सांगेल ते. मग अभिराजनं दुसरी पाळी मागून घेतली आणि रोज सकाळी तो त्यांच्याबरोबर चालू लागला. पहिला आठवडा भयंकर गेला. एकशे चौदाच्या आत राहायचं म्हणजे अप्पांना रमतगमत चालावं लागे. शाळेत निघालेली मुलं त्यांना मागे टाकत, काठी टेकणाऱ्या एक आजीबाई मागे टाकत, आणि अप्पांच्या पायांना ते सहन होत नसे. किती, ते विचारत. एकशे सहा, अभिराज सांगे. थोड्या वेळानं पुन्हा किती. एकशे सतरा, सावकाश. ते सावकाश होत. एवढंच बोलणं. पण नऊ वर्षांत त्यांचं एवढंही बोलणं झालं नव्हतं. पानं, किल्ली, गॅस, लाइटबिल, यापलीकडे ते गेलेच नव्हते, आणि आता सकाळच्या पाऊण तासात हा माणूस त्याला पन्नास वेळा विचारत होता की माझं हृदय काय करतंय, आणि तो त्यांना सांगत होता. कधी कधी तो घड्याळाकडे न बघता चालण्यावरून अंदाज करू लागला. चढावर एकशे बारा असणार. निघे एकशे अकरा. त्याला त्याचा लहान मुलासारखा आनंद व्हायचा. आणि मग, तिसऱ्या आठवड्यापासून, ते होऊ लागलं जे हर्षितानं कागदावर रेघ काढून दाखवलं होतं आणि त्याला खोटं वाटलं होतं. आकडा तोच राहिला आणि पाय पुढे जाऊ लागले. एकशे आठवर बागेच्या तीन फेऱ्या व्हायच्या, त्या साडेतीन झाल्या, मग चार. काठीवाल्या आजीबाई मागे राहिल्या. जोर न लावता जोर वाढत होता. आयुष्यभर ओढून ताणून गाठायची सवय असलेल्या अप्पांना हे कोडंच पडलं होतं, आणि एकदा बाकावर बसल्यावर ते आपणहून म्हणाले, की हे माझ्या बापाला माहीत असतं तर बरं झालं असतं. मग तोंड उघडून त्यांनी श्वास सोडला, आवाज करून. शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं. अप्पांनी पर्वा केली नाही.

कीर्तन कसं करायचं ते हर्षितानं आणि त्यांनी मिळून बसवलं, आणि ते बघताना अभिराजला दोघांचंही कौतुक वाटत होतं. आख्यान अप्पांच्या आजोबांनी रचलेलं. तुंगभद्रेला पूर आलाय, एक नावाडी आपल्या गुरूंना पैलतीराला नेतोय, गुरूंनी सांगितलंय की मागे वळून बघू नकोस, आणि तो जिवाच्या करारानं वल्हं मारतोय. तीर लागतो. तो वळून बघतो. होडी रिकामी. अप्पांनी ते नाचून, चिपळ्या वाजवून, तुकड्या तुकड्यानं करून दाखवलं, आणि प्रत्येक धावत्या तुकड्यानंतर ते थांबून गजर सुरू करत, आणि म्हणत, इथे लोक म्हणतात, मी उभा. हर्षिता कागदावर मिनिटं लिहीत होती. थोड्या वेळानं तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, काका, हे इंटर्व्हल ट्रेनिंग आहे, तीन मिनिटं जोर, दोन मिनिटं आराम, मी कोर्समध्ये शिकले ते हेच. अप्पा म्हणाले, माझ्या आजोबांनी शंभर वर्षांमागे बांधलंय, त्यांना लोकांचा गळा वापरून स्वतः दम घ्यायचा होता, पण माझ्या बापानं ते चोरून घ्यायला शिकवलं. फरक एवढाच. मग तिनं परवानगी दिली. अटी दोन. तासाच्या वर जायचं नाही. आणि मागे कुणीतरी आकडा बघत बसायचं. मनगटावरचं घड्याळ चिपळ्यांनी फसतं, म्हणून अंगरख्याखाली छातीला पट्टा, आणि आकडा एकशे वीसच्या वर गेला की मागच्या माणसानं गजर धरायचा, काकांची वाट न बघता, आणि एकशे पाचच्या खाली येईपर्यंत सोडायचा नाही. म्हणजे मागच्या माणसाला गाता यायला हवं. अप्पांनी अभिराजकडे बघितलं नाही. ते पायातल्या चपला नीट करत होते. आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत अभिराज त्यांच्या मागे झांजा घेऊन उभा राहिला होता, मग आवाज फुटला, कॉलेज आलं, आणि त्यानं झांजा ठेवून दिल्या त्या पुन्हा धरल्या नाहीत. बघू, एवढंच तो म्हणाला. त्या रात्री बायकोला, शिवानीला, त्यानं विचारलं की मला सूर आहे का अजून, आणि तिनं खरं ते सांगितलं, की फारसा नाही, पण लय आहे.

नवमीच्या दिवशी पाचला मठाच्या मांडवात माणसं बसली होती, दीडशेक. पेटीवाले, तबलेवाले आपापल्या जागी. अभिराज कुठे बसू म्हणून घुटमळला तेव्हा पेटीवाल्यांनी डाव्या हाताची जागा दाखवली. तिथे कुणी बसत नव्हतं. नऊ वर्षं ती रिकामीच ठेवत आले होते, त्यांनी सहज सांगितलं, आचार्यांना तिथे कुणी नको असतं, पण तू बस. अभिराज बसला. मांडीवर फोन, हातात झांजा, त्यांचा गार पितळी स्पर्श तळव्याला ओळखीचा. अप्पा पगडी घालून उभे राहिले. चौऱ्याण्णव. पूर्वरंग गोडीनं गेला, अर्धं मराठी, अर्धं कन्नड, लोक हसले, अभिराजही हसला आणि त्याला आश्चर्य वाटलं की विनोद जुनेच आहेत आणि चांगले आहेत. आख्यान सुरू झालं. नाव पाण्यात आली, चिपळ्या लागल्या, अप्पा पुढे झुकून वल्हं मारू लागले. एकशे दहा. एकशे सोळा. त्यांची पावलं बघून तो आकडा आधीच सांगू शकत होता. एकशे एकोणीसला त्याचा हात झांजेवर घट्ट झाला, पण अप्पांनी स्वतःच गजर घेतला, उभे राहिले, आणि भर सभेत तोंड उघडून मोठ्यानं श्वास सोडला. पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकशे चौदा. एकशे सात. पुन्हा वल्हं. पुन्हा गजर. असं तीनदा झालं आणि तीनदा आकडा आज्ञाधारकपणे वर जाऊन खाली आला. मांडवाच्या कडेला उभी असलेली हर्षिता हसत होती, आणि अभिराजला वाटलं, झालं, पार पडलं, आता तर सगळा जोर संपला, आता तीर आहे.

तीर लागला. तबला थांबला. अप्पांनी वल्हं ठेवलं आणि ते स्थिर उभे राहिले, हात खाली सोडून. शंभरच्या आसपास असेल, अभिराजनं अंदाज केला, आणि सहज खाली बघितलं. एकशे तीन. बरोबर. नावाडी आता वळून बघणार होता. अप्पांनी आवाज खाली आणला, शब्द एकेक सुटा, स्वच्छ, आणि ते सावकाश डावीकडे वळू लागले. एकशे बारा. माणूस जागेवर उभा आहे. एकशे एकवीस. एक बोट हललं नाही, पाऊल हललं नाही. एकशे एकोणतीस. पट्टा सरकला असेल, असं वाटायला एक क्षण पुरला असता, पण तो क्षण त्यानं घेतला नाही, कारण आवाज चांगला होता, त्या जळलेल्या पंपासारखा. आवाज इतका चांगला होता की डोळे मिटून ऐकणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं. होडी रिकामी, असं तो आवाज सांगत होता, त्याच पट्टीत, त्याच लयीत, शब्दांमध्ये तेवढंच अंतर ठेवून, ज्या अंतरानं त्यानं एकदा फोनवर सांगितलं होतं की गाडी सावकाश चालव. एकशे छत्तीस. चिकपेटला, चौदाव्या दिवशी, याच ओळीवर ते असेच डावीकडे वळले होते. अभिराज तेव्हा खांबाला टेकून बसला होता आणि त्याला त्यांची पाठ दिसत होती, आणि आवाज ऐकू येत होता, आणि तेवढ्यावर त्यानं निकाल दिला होता. त्या दिवशी आकडा काय झाला असेल? पट्टा नव्हता, कुणी मोजलं नव्हतं. मोजण्यासारखं तिथे काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यांच्या मुलाला तर नाहीच. नऊ वर्षं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले, आणि त्याच वेळी त्या उभ्या, न हलणाऱ्या माणसाबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की ते कुठे ठेवावं कळेना. एकशे एकोणचाळीस. हर्षिता मांडवाच्या कडेवरून पुढे निघाली होती.

त्यानं झांज मारली आणि गजर धरला. सूर खाली लागला, पहिला शब्द घशातच राहिला, पेटीवाले दचकले आणि मग पेटी त्याच्या सुराकडे उतरवून त्यांनी त्याला सावरून घेतलं. तबला आला. मागून बायकांनी उचललं, मग पुरुषांनी, आणि दीडशे माणसं म्हणू लागली. कथेत इथे गजर नव्हता, कधीच नव्हता, पण कुणालाच ते चुकल्यासारखं वाटलं नाही. अप्पांचं वळणं पुरं झालं. डाव्या हाताच्या जागेवर मुलगा बसला होता, तोंड उघडं टाकून गात होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते बघत राहिले. मग दोन पावलं चालून आले, सूर घ्यायला कीर्तनकार साथीदाराकडे झुकतो तसे झुकले, आणि त्यांचा एक हात त्याच्या खांद्यावर जड होऊन टेकला. अंगरख्याच्या आत छाती वरखाली होताना दिसत होती. श्वास त्याच्या कानाशी होता, मोठा, खरखरीत, तुटलेला, अजिबात न लपवलेला. एकशे तेहतीस. एकशे अठ्ठावीस.

“थांबू नकोस अभी,” अप्पा म्हणाले, आणि वाक्याच्या मध्येच त्यांना थांबावं लागलं. “मला दम लागलाय.”

अभिराजनं मान हलवली आणि लय आणखी स्वल्प खाली आणली.